मुलीची माहिती क्लबकडून मागायची, तर अर्ज कोणी करावा?

एडिनबराची आई: आमची तेरा वर्षांची मुलगी येथील एका बुद्धिबळ क्लबात जाते. यंदा तिला कनिष्ठ संघातून वगळले आणि कारण विचारले असता 'समितीत चर्चा झाली' एवढेच उत्तर मिळाले. म्हणून प्रशिक्षकांची टिपणे आणि तिच्याविषयीचे समितीतले ईमेल मिळावेत, असे पत्र मी पालक या नात्याने चिटणिसांना पाठवले. त्यावर अर्ज मुलीनेच करावा, असे त्यांनी कळवले. फी आम्ही भरतो, प्रवेश अर्जावर सहीही माझी आहे. मग हा नकार योग्य आहे का?

कायदेवाचक: योग्य आहे, कारण हा हक्क मुलीचा आहे आणि फी कोणी भरली याचा त्याच्याशी संबंध नाही. ब्रिटनच्या २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्यातील कलम २०८ नुसार स्कॉटलंडमध्ये १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आपले हक्क समजतात असेच गृहीत धरले जाते. तसे नाही, हे दाखवून द्यावे लागते. इंग्लंडमध्ये असे वय ठरलेले नाही, तेथे त्या मुलाची समज पाहतात. आपली मुलगी लेखी संमती देऊन आपल्याला तिच्या वतीने अर्ज करायला सांगू शकते.

जुना खजिनदार: मीही अशाच एका क्लबाचा हिशेब सांभाळला आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. ठरावीक नमुना लागत नाही, साधा ईमेल पुरतो; मात्र 'सगळी माहिती द्या' असे न लिहिता काळ आणि विषय नेमका नमूद करावा. सहसा शुल्क नसते आणि उत्तर महिन्याभरात द्यावे लागते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल, तर आणखी दोन महिने मिळू शकतात. प्रशिक्षकाने तिच्या खेळाविषयी नोंदवलेले मत हीसुद्धा तिचीच माहिती ठरते. इतर मुलांविषयीचा मजकूर मात्र झाकला जाईल, त्यामुळे संघात तिच्याऐवजी कोणाला आणि का घेतले, हे त्यातून कळेलच असे नाही. अर्ज आल्यावर तो टाळण्यासाठी ईमेल पुसून टाकणे हा गुन्हा आहे, हे हौशी समित्यांना बहुधा ठाऊकच नसते.

पुण्याचा पालक: आपल्याकडे नेमके उलट आहे. २०२३ च्या भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून त्याच्या वतीने पालकच माहिती मागतात. शिवाय केवळ कागदावर असलेली वही त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. माहिती मागण्याचे कलमही नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार दीड वर्षाने लागू व्हायचे आहे. सतरा वर्षांच्या मुलालाही स्वतः विचारता येऊ नये, हे मला तरी पटत नाही.

एडिनबराची आई: मुलीशी बोलले. अर्ज ती स्वतः करणार आहे, पण उत्तर आधी एकटीने वाचेन म्हणते. क्लब मला प्रत पाठवेल का?

कायदेवाचक: तिने तसे सांगितल्याशिवाय नाही.