स्किटमधला नेपाळी वॉचमन : हशा नक्की कशावर काढायचा?

आठमिनिटं
मराठी वाहिनीसाठी स्किट लिहितोय. सोसायटीची मीटिंग, पाच पात्रं, त्यातला एक नेपाळी वॉचमन. पहिल्या खर्ड्यात त्याला तीनच वाक्यं आहेत, तिन्हीत 'शाब जी', आणि हशा तिथेच धरलाय. टीममधले काही म्हणतात, वर्षानुवर्षं चालत आलंय, दुखावतं कोण? बाकीच्यांना पात्रच काढून टाकायचंय. सरदारजींच्या विनोदांना सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिलीय, असंही कुणी सांगितलं. नियम काय आहे? आणि पात्र ठेवायचं तर लिहायचं कसं?

नियमपान
कोर्टाने परवानगी वगैरे दिलेली नाही. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी घाला, अशी याचिका होती. नागरिकांनी कसं वागावं याच्या नैतिक सूचना कोर्ट काढू शकत नाही, असं फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटलं. यातून वाहिन्यांवरची बंधनं सैल झालेली नाहीत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ६ म्हणजे प्रोग्राम कोड, वाहिन्यांनी काय दाखवू नये याची यादी. त्याच्या 'एम' कलमात वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचं बदनामीकारक, उपरोधिक, तुच्छता दाखवणारं चित्रण थेट मना आहे. 'आय' कलमही वाचा, ते समाजातल्या गटांच्या बदनामीबद्दल आहे. तुमच्या चॅनेलच्या एस अँड पी (स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, म्हणजे मजकूर नियमांत बसतो का ते तपासणाऱ्या) विभागाला स्क्रिप्ट शूटिंगच्या आधी द्या. सेट उभा राहिल्यावर आक्षेप आला की घाईघाईत बीप मारून भागवतात, आणि त्याने अपमान झाकला जात नाही, उलट ठळक होतो.

पहारा
'दुखावतं कोण' याचं उत्तर पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत मिळतं. २००७ साली दार्जिलिंगचा प्रशांत तामांग 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात जिंकला. कोलकाता पोलिसांत नोकरी करणारा भारतीय गोरखा. दिल्लीतल्या एका एफएम निवेदकाने त्यावर गुरखा म्हणजे पहारेकरी याच धर्तीची टिप्पणी केली. सिलिगुडीत निषेधाला हिंसक वळण लागलं, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. माणूस जिंकला आणि लगेच त्याला गेटवर परत उभं केलं, हे लोकांना लागलं. तुमचा वॉचमन 'नेपाळी' हे तरी ठरलंय का? दार्जिलिंगचा किंवा आसामचा असेल तर तो याच देशाचा नागरिक आहे. स्क्रिप्टमध्ये त्याला नाव आणि गाव द्या, नुसतं 'बहादूर' नको.

कात्रीटेबल
पात्र काढू नका, हशाची जागा हलवा. आधी एक चाचणी : वॉचमनचं वाक्य शुद्ध मराठीत सेक्रेटरीच्या तोंडी घाला. तरी हसू आलं तर विनोद परिस्थितीत आहे. हसू गेलं तर तो फक्त उच्चारावर उभा होता, तो कापा. तुमची तिन्ही वाक्यं इथे पडतील असं वाटतंय.

मग वॉचमनला अशी माहिती द्या जी बाकी चौघांकडे नाही. गेटवरचं रजिस्टर त्याच्या हातात असतं. पार्किंगच्या भांडणात सेक्रेटरी छातीठोकपणे सांगतोय, 'माझ्याकडे पाहुण्यांच्या गाड्या येतच नाहीत.' वॉचमन शांतपणे पान उलटतो : 'मंगळवार, रात्री साडेअकरा, पांढरी इनोव्हा, फ्लॅट ४०२.' सेक्रेटरी त्याला चहा पाजायला निघतो. हशा तोच, पण आता उघडा पडतोय तो अधिकार गाजवणारा.

लहेजा ठेवायला हरकत नाही, पण तो नटाने त्या भाषेच्या माणसाकडून ऐकून घ्यावा, एकदोन लकबींवर थांबावं, आणि पंचवर आवाज चढवू नये. सगळ्या दाक्षिणात्य पात्रांना एकच 'अय्यो' चिकटवतात, तिथे निरीक्षण नसतं, नक्कल असते. हिंदी मालिकांत मराठी बाई आली की ती भांडी घासणारीच का, हा राग आपल्याला नीट कळतो. तोच निकष इथे लावा.

एडिटमध्ये दोन जागा सांभाळा. वॉचमनने तोंड उघडताच प्रेक्षकांच्या हसण्याचा शॉट जोडू नका, रजिस्टरच्या वाक्यानंतर जोडा. आणि वीस सेकंदांचा प्रोमो कापणारा माणूस बहुधा वेगळा असतो. तो नेमका उच्चार उचलतो, सेक्रेटरीची फजिती बाहेर राहते. प्रोमोची मान्यता स्वतःकडे ठेवा.

आठमिनिटं
रजिस्टर घेतोय, वॉचमन आता दार्जिलिंगचा. तरी प्रसारणानंतर कुणी तक्रार केली तर?

नियमपान
२०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार आधी वाहिनीकडे येते. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर तक्रारदार पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करतो, तिला ६० दिवस असतात. त्यानंतर केंद्र सरकार. या सगळ्यात तुमचा बचाव म्हणजे प्रसारित झालेला भाग, हेतू नव्हे. म्हणून अंतिम स्क्रिप्ट, एस अँड पीचे शेरे आणि प्रोमोची प्रत तारखेसह जपून ठेवा.