प्रतिसाद: उकाड्यात जाड ऑइल टाकावं का?

मुंबईत ऑइल फार तापतं म्हणून बाइकला सरळ २०डब्ल्यू५० (जाड ग्रेडचं ऑइल) टाका, कारचं असलं तरी चालतं, हे वर लिहिलंय ते मला अर्धंच पटतं. एअरकूल्ड इंजिनला वारा लागतो आणि अंधेरीच्या सिग्नलला तो नसतोच, ऑइल तापून पातळ होतं, गिअर घट्ट पडायला लागतात, इथपर्यंत बरोबर. पण डब्ल्यूच्या नंतरचा आकडा म्हणजे १०० डिग्रीला मोजलेली जाडी असते, म्हणजे इंजिन तापलेलं धरूनच कंपनी ग्रेड ठरवते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये ५० दिलेलंच नसेल तर उगाच टाकू नका, इंजिन जड चालतं आणि ॲव्हरेज पडतं.

आणि कारचं ऑइल तर अजिबातच नको. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. माझ्या १५० सीसीला मेकॅनिकने एकदा कारचं ऑइल भरलं, महिन्याभरात घोडबंदरचा चढ चढताना इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही, शेवटी क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या. आकडा बघण्याआधी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का ते बघा, आणि लेव्हल दर पंधरा दिवसांनी तपासा, लिटरभर ऑइलमधलं पाव लिटर जरी कमी झालं तरी उरलेलं जास्तच तापतं.