असुरवंशीय भावाला वाचवणारी जादुई नायिका: शेवट पटत नाही

अंत्रुजवासी: दिवाळी अंकासाठी किशोरकथा लिहीत आहे. फोंड्याजवळच्या एका वाड्यावरील चौदा वर्षांच्या मुलीला, जपानी चित्रकथांतील ‘महो शोजो’प्रमाणे, रूप पालटून लढण्याची शक्ती मिळते. ही शक्ती असुरांच्या नाशासाठीच दिलेली असते. आणि ज्याला आपण कडेवर खेळवले त्या धाकट्या भावाच्या (आई एक, वडील वेगळे) अंगात असुराचे रक्त आहे, हे तिला नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, वाड्यावरची मुले नरकासुराची प्रतिमा मिरवत असताना कळते. शेवटी ती जादूने त्याचे रक्त शुद्ध करते, असे लिहिले. पण ते मलाच पटेना.

डिचोलीची वाचक: न पटणे योग्यच आहे, कारण रक्त बदलल्यावर उरतो तो दुसराच मुलगा. भागवताच्या सातव्या स्कंधातील कयाधूची कथा पाहावी. हिरण्यकशिपू तपाला गेला असताना इंद्र त्याच्या गर्भवती पत्नीला, जन्मणारे मूल मारण्याच्या हेतूने, ओढून नेतो. नारद इंद्राला अडवतात आणि तिला आश्रमात ठेवून घेतात. गर्भातील प्रल्हादाचा वंश मात्र तोच राहतो. म्हणजे रक्षण करायचे ते देवांपासून! आपल्या नायिकेलाही शक्ती देणाऱ्यासमोरच उभे करावे, आणि त्यात ती शक्ती गेली तर जाऊ द्यावी.

जुना सभासद: वरील मताशी अर्धाच सहमत आहे. प्रल्हाद निष्पाप होता, म्हणून नारदांचे काम सोपे झाले. आपला मुलगाही निव्वळ गुणी निघाला, तर असुराचे रक्त ही नुसती सजावट ठरेल. त्याच्या हातून काहीतरी भयंकर घडू द्यावे आणि त्यानंतरही बहीण त्याच्या बाजूने का उभी राहते, ते लिहावे. शिवाय आपल्याकडे देवचार आहेच. अंधारात ज्याची भीती वाटते, त्यालाच गावाचा राखणदार मानून आपण रोट देतो. एवढे घरचे साहित्य असताना लखलखता पोशाख आणि छडी यांवर पाने खर्चू नयेत. (हा माझा वैयक्तिक कंटाळा समजावा.)

अंत्रुजवासी: दोघांचेही आभार. पोशाख ठेवतो, कारण माझी पुतणी तेवढ्यासाठीच कथा वाचणार आहे. शेवट मात्र बदलला. मिरवणुकीत भावाच्या हातून एका मित्राला भाजते. पहाटे प्रतिमा जळते; तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट (नरकासुराचे प्रतीक मानलेले कडू फळ) फोडण्याची त्याची पाळी येते, तेव्हा त्याचा पाय उचलत नाही, आणि आई पाहत असतानाच बहीण स्वतःसमोरचे कारीटही न फोडता उचलून परसात ठेवून येते. नंतर दोघे फोव (पोहे) खायला बसतात.

डिचोलीची वाचक: आई काय म्हणते?

अंत्रुजवासी: आई त्याच्या पानात आधी वाढते.