मदत हवी आहे: ९ मिमी कार्बाइन, रूगर पीसी की केल-टेक सब-२०००?

तिसरा_मजला
परवाना हातात आलाय, शनिवारी बुकिंग करायचंय आणि अजून ठरत नाहीये. कार्बाइन (म्हणजे आखूड रायफल) घराच्या संरक्षणासाठी हवी, शिवाय रेंजवर सराव. व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. दोन्ही चालवलेल्यांनी एका वाक्यात सांगा. कायद्याचं बघून झालंय, त्यावर चर्चा नको.

पुंगळी
पिस्तूल आहे का? असल्यास कोणतं? दोन्हींना एकच मॅगझिन (गोळ्यांची पेटी) चालणं हा अशा कार्बाइनचा मोठा फायदा. रूगरच्या खोक्यात मॅगझिन बसवायच्या दोन चौकटी येतात, एक त्यांच्या स्वतःच्या मॅगझिनची, एक ग्लॉक पिस्तुलाच्या मॅगझिनची. केल-टेक मात्र ज्या मॅगझिनची घ्याल त्याचीच.

तिसरा_मजला
ग्लॉक १९ आहे. लिहायचं राहिलं. म्हणजे दोन्ही चालतील ना? मग कोणती?

संथधार
दोन्ही चालवल्यात. केल-टेक दोन किलोच्या आत, मधोमध दुमडते, सॅकमध्ये मावते. पण गाल टेकतो तो दस्त्याच्या नळीवर, आणि आत बोल्ट (प्रत्येक बाराला सरकणारा लोखंडी ठोकळा) मागेपुढे धावत असतो. शंभरेक गोळ्यांनंतर माझं गालफड दुखायला लागलं. दुसऱ्या पिढीच्या मॉडेलवर वरती रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची दुर्बीण) बसवला की ती दुमडतही नाही, म्हणजे ज्या सोयीसाठी घेतली तीच गेली. रूगर तीन किलोची, पण तिच्या बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकतं वजन आहे, ते धक्का बराच खातं. तासन्‌तास सराव करायचा तर रूगर.

काळापहाड
घरासाठी ९ मिमी हा विचारच चुकीचा. शॉटगन घ्या. एक बार, विषय संपला.

संथधार
संपत नाही. खोलीभर अंतरात छर्रे फारसे पसरत नाहीत, नेम तिथेही धरावाच लागतो. आणि १२ बोरच्या शॉटगनचा धक्का घरातल्या प्रत्येकाला झेपेलच असं नाही.

काळापहाड
तीस वर्षं चालवतोय, कुणाचा खांदा निखळलेला पाहिला नाही. शिकवणारा नीट हवा.

निळीशाई
तिसरा_मजला, नावावरून विचारते, फ्लॅट आहे का? आतल्या भिंती कशाच्या? पलीकडे कोण झोपतं? जिप्सम बोर्डच्या भिंती ९ मिमीच्या गोळीला अडवत नाहीत, लागोपाठ दोन-तीन भिंतींतून जाते. पोकळ टोकाच्या गोळीवरही भरवसा नको, टोकात भुगा भरला की ती उमलत नाही. त्यात नळी लांब. ११५ ग्रेनची (साधारण साडेसात ग्रॅमची) गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते, १६ इंची नळीतून तीच ४०० च्या आसपास.

तिसरा_मजला
फ्लॅटच. भिंती जिप्समच्या, पलीकडे मुलांची खोली. पण माझा प्रश्न कोणती घेऊ हा आहे.

निळीशाई
त्या भिंतीपलीकडे मुलं आहेत, म्हणून हे आधी. रात्री दिवे मालवून, रिकाम्या हातांनी, दारापासून बेडरूमपर्यंत चालून बघा. कुठे उभं राहिलं की मुलांची खोली नेमाच्या रेषेत येते ते लक्षात ठेवा. त्या दिशेला बार काढायचाच नाही, मग हातात काहीही असो.

जुनी_खूण
एकच काडतूस दोन्हीकडे, ही कल्पना जुनी आहे बरं का. विंचेस्टरची १८७३ ची लिव्हरवाली (खालचा दांडा ओढून गोळी भरायची) रायफल .४४-४० काडतुसाची होती, पुढे कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. माणूस एकच पट्टा बांधून निघायचा. आजही .३५७ ची लिव्हर रायफल घेतली तर तिच्यात .३८ स्पेशल चालतं, धक्का अगदी मऊ. माझ्या मते घरात यापेक्षा चांगलं काही नाही.

पुंगळी
लिव्हर त्यांनी विचारलीच नाहीये. तिसरा_मजला, रेड डॉट लावणार असाल तर एक सांगतो. नळीच्या मध्यापासून डॉट पाच सेंमी वर असेल, तर खोलीच्या अंतरावर गोळी डॉटच्या जवळजवळ तेवढीच खाली लागते. रेंजवर फक्त २५ मीटरवर सराव केलात तर हे कळणारच नाही. पाच मीटरवर कागद लावून स्वतः बघा. आणि घरात अजून कोण वापरणार?

तिसरा_मजला
बायको. उंचीने लहान आहे, डावखुरी आहे. त्याने फरक पडतो?

पुंगळी
हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं! डाव्या खांद्याला लावली की उजवीकडे उडणारी रिकामी पुंगळी तोंडासमोरून जाते. रूगरमध्ये बोल्टचा दांडा आणि मॅगझिनचं बटण डावीकडे घेता येतं, पण पुंगळी उजवीकडेच उडते. बेरेटा सीएक्स४ स्टॉर्ममध्ये तीही बाजू बदलता येते, फक्त तिला ग्लॉकची मॅगझिन्स बसत नाहीत. उंचीचं म्हणाल तर रूगरच्या दस्त्यातले स्पेसर (लांबी वाढवणाऱ्या चकत्या) काढून तो आखूड करता येतो. बुक करायच्या आधी त्यांच्या हातात द्या.

काळापहाड
हे पटलं. चालवणाऱ्याच्या खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरा_मजला
आज दोघं रेंजवर जाऊन आलो. तिथली रूगर वापरायला मिळाली. सगळे स्पेसर काढल्यावर बायकोचा गाल दस्त्यावर नीट बसला. चाळीस गोळ्या झाल्या. एक गरम पुंगळी कॉलरमध्ये गेली, मानेला लाल वळ उठलाय, पण नळी खालीच रोखलेली ठेवली तिने, वळली नाही. मला तेच बघायचं होतं. पाच मीटरवर गोळी खरंच खाली लागली, जवळपास दोन बोटं. दुमडण्याचा मोह सोडला, रूगर बुक केली. पुढच्या वेळी बंद गळ्याचा शर्ट. आता घरात ठेवायला गोळी कोणती? १४७ ग्रेनची चालेल का?

संथधार
चालेल. जड गोळी बहुधा ध्वनीच्या वेगाच्या आतच राहते, बंद खोलीत कानाला थोडी बरी. कान सुन्न व्हायचे ते होतीलच. आधी निदान शंभर गोळ्या तुमच्याच बंदुकीतून काढून बघा, एकही अडकता कामा नये.

निळीशाई
भिंतीतून १४७ ग्रेनचीही जाते, ते विसरू नका. आणि तिजोरी आणलीत का? मुलं किती वर्षांची आहेत?