थंडीतला रात्रनिवारा, ४० जणांची सोय: तयारी काय काय लागेल? (सोलापूर)

शेळगीकर:
१ डिसेंबर ते जानेवारीअखेर रात्रनिवारा चालवायचं ठरलंय. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड आणि सिव्हिलच्या भिंतीलगत झोपणाऱ्यांसाठी. शाळेचा एक हॉल मिळतोय, १२०० चौरस फूट, शहाबादी फरशी, पाच खिडक्या, त्यातल्या दोन तावदानं फुटलेल्या. पुढं ६० बाय १० चा व्हरांडा आहे. देणगीत २००० वॅटचे दोन रूम हीटर आणि ५० सोलापुरी चादरी आल्यात. ४० माणसं धरलीत. पारा किती उतरला की उघडायचं? दोन हीटर पुरतील का? आणि जो तो म्हणतो की लोक येतच नाहीत, त्यावर काय करायचं?

निवारा_व्यवस्था:
शेळगीकर, आधी माणसांचा हिशेब करा. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या बेघर निवाऱ्यांसाठीच्या निकषात माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती. तुमच्या हॉलमध्ये २४ बसतात. ४० कोंबले तर खोकला आणि खरूज आठवड्यात सगळीकडे पोचते. शेजारचा २० बाय २४ चा एखादा वर्ग मागून घ्या, त्यात ९ बायका-पोरं झोपतील. आतून कडी आणि स्वतंत्र संडास असेल तरच तो वर्ग त्यांना द्या. उरलेले ७ जण व्हरांड्यात. तिथं ताडपत्री जमिनीपासून सहा फुटांपर्यंत ताणून बांधा, वरचा भाग उघडा ठेवा.

पारा बघून उघडू नका. सपाट प्रदेशात थंडीची लाट जाहीर होते ती किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं तर. सोलापुरात तसे दिवस फार थोडे. पण १३-१४ अंशांत उपाशीपोटी, ओल्या कपड्यात, उघड्या फरशीवर पडलेला म्हातारा माणूस जीवानिशी जाऊ शकतो. आपण तारखा धराव्यात आणि ठरल्या तारखांना रोज उघडावं. 'आज चालू, उद्या बंद' असं झालं की गाठोडं उचलून कोणी दोन किलोमीटर चालत येणार नाही. अंदाज १२ च्या खाली दिसला तर फक्त रस्त्यावर झोपलेल्यांना आणायच्या रात्रीच्या फेऱ्या वाढवा.

आता हीटर. ते देणगीदाराला परत करून त्या पैशात गाद्या घ्या. झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर पडते. २४ जणांची मिळून १८०० वॅट झाली, म्हणजे जवळपास एक हीटर तुमच्याकडे फुकट आहे. ती ऊब जाते कुठं? निम्मी फुटक्या तावदानातून, निम्मी फरशीत. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. वर चार चादरी घातल्या तरी खालून काकडतं, कारण अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही.

अंथरूण असं करा: खाली प्लास्टिक, त्यावर पुठ्ठ्याचे दोन थर, त्यावर दोन इंची फोमची रेक्झिन चढवलेली गादी, वर सतरंजी. रेक्झिन पुसता येतं आणि शिवण नीट असेल तर ढेकणांना शिरायला जागा मिळत नाही. नुसतं रेक्झिन मात्र गार लागतं आणि घामेजतं, म्हणून सतरंजी हवीच. पुठ्ठा आठ दिवसांत दबतो, ओल धरतो. तो बदलत राहा, किराणा दुकानातून हवा तेवढा मिळतो. लाकडी पॅलेट आणू नका, फटीत ढेकूण घर करतात.

५० चादरी पुरणार नाहीत. माणशी दोन पांघरायला, एक उशाला किंवा खाली, म्हणजे १२०. धुवायला जाणाऱ्या ३० वेगळ्या. सोलापुरी चादर जाड सुती, धुतल्यावर डिसेंबरच्या उन्हातसुद्धा वाळायला अख्खा दिवस घेते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यांकडे सेकंडचा माल विचारा, विणीतली चूक ऊब कमी करत नाही. घोंगडी मिळाली तर ती म्हाताऱ्यांना आधी द्या, जराशी दमट झाली तरी लोकर ऊब धरते.

वायरमन_अक्कलकोटरोड:
हीटरबद्दल एवढंच. २००० वॅटचा हीटर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो. शाळेतले पॉइंट बहुतेक ६ अँपिअरचे, दिवे-पंख्यांच्या बारीक वायरवर. पिन आधी तापते, मग सॉकेट पिवळं पडतं, मग वितळतं, आणि हे पहाटे सगळे झोपेत असताना होतं. आजारी माणसाच्या कोपऱ्यासाठी लावायचाच असेल तर तेलाचा रेडिएटर घ्या, बोर्डापासून वेगळी वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला गेला की आपोआप पडणारा स्विच). एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

शेळगीकर:
मग कोळशाची शेगडी? निखारे फुलल्यावर धूर राहत नाही, तेव्हा आत ठेवली तर चालेल ना?

सिस्टर_सिव्हिल:
नाही दादा, कधीच नाही. धूर गेल्यावर शेगडी जास्त फसवते. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो, त्याला ना वास ना रंग. जागा माणूस डोकं दुखतंय म्हणून बाहेर तरी येतो, झोपलेला उठतच नाही. शेकोटी बाहेर, भिंतीपासून दहा फूट लांब, शेजारी वाळूची बादली, आणि लोक आत गेले की विझवायची. बिडीचंही तेच. सुती चादर एकदम पेटत नाही, तासभर आतल्या आत धुमसते. बिडी-काडी दारात नावाच्या पुडीत ठेवून घ्या, मागितली की द्या, ओढायची व्हरांड्याबाहेर.

खिडक्या सगळ्या बंद करू नका. खालची झडपं लावा, छताजवळचे झरोके उघडे ठेवा, टीबी कोंदट हवेत पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला झरोक्याखाली जागा, मास्क आणि दुसऱ्या दिवशी थुंकीची तपासणी. अंथरुणं एकाआड एक उलटी घाला, एकाचं डोकं तिथं शेजाऱ्याचे पाय.

गारठलेला माणूस ओळखायला काचेचा थर्मामीटर चालत नाही, त्याचे आकडे ३५ अंशांपासून सुरू होतात. धोका त्याच्या खालीच असतो. डिजिटल घ्या, आणि त्याआधी हाताची पाठ कपड्याआत पोटावर लावून बघा. पोट गार लागलं, बोलणं अडखळतंय, कुडकुडत होता आणि आता थांबलाय, तर तो सावरला असं समजू नका. कुडकुडणं बंद होणं वाईट लक्षण. ओले कपडे काढा, छाती-पोट आधी गुंडाळा, डोक्याला कानटोपी, १०८ ला फोन. हातपाय चोळायचे नाहीत, शेकोटीजवळ बसवायचं नाही. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम चहा. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, तेवढ्यापुरतं गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते.

प्यायलेल्याला हाकलू नका, थंडीत सर्वांत जास्त धोका त्यालाच. दाराजवळची जागा द्या, कुशीवर झोपवा, दर अर्ध्या तासाने श्वास बघा. रोज पिणारा अचानक सोडून आला असेल तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, फेफरं येऊ शकतं. त्याला सिव्हिललाच न्या.

खरजेला परमेथ्रिन ५ टक्के मलम. ते एकाला लावून उपयोग नाही, आजूबाजूला झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत. त्यांच्या चादरी उकळत्या पाण्यात धुवा.

मार्केटयार्ड_अण्णा:
लोक का येत नाहीत ते सांगतो. गाडी आली की भिक्षेकरी गृहात नेतात ही धास्ती १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यापासून बसलीय. त्यामुळे फेरीला जाताना पोलिसाची गाडी सोबत नको, आणि दारात आधार कार्ड मागू नका. वहीत नाव, गाव, भाषा, दुखणं, बस. नाव सांगायचं नसेल तर टोपणनाव लिहा. काळजीवाहकांपैकी एकाला कन्नड आणि एकाला तेलुगू आली पाहिजे. आळंद-विजापूरकडच्या म्हातारीला 'ऊट आयतेनव्वा?' म्हणून जेवणाचं विचारलं की ती उठून मागं येते, मराठीत बोललात तर नुसती बघत राहते.

दुसरं कारण गाठोडं. आत घेऊ दिलं नाही तर माणूस परत जातो. पत्र्याच्या कपाटाचे खण करा, ज्याचं कुलूप त्याचं त्याने आणावं, चप्पलसुद्धा उशालाच राहू द्या.

तिसरं, वेळ. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक भरात असते, हमाल रात्रीच यार्डात निघतात आणि हॉटेलात भांडी घासणारे साडेअकराला सुटतात. नऊला दार लावलं तर दोघंही बाहेर. दार रात्रभर उघडं हवं, आत-बाहेर करणाऱ्यांना दाराजवळची अंथरुणं द्या म्हणजे बाकीच्यांची झोप मोडत नाही. दोन काळजीवाहक रात्री, त्यातला एक कायम जागा.

आणि शाळेचा हॉल ही मला मोठी अडचण वाटते. सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या आसपास असतो, जानेवारीत इथं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सकाळच्या शाळेसाठी तुम्हाला साडेसहालाच सगळ्यांना उठवून बाहेर काढावं लागेल, म्हणजे नेमकं थंडी ऐन भरात असताना. आठपर्यंत राहू देणारं समाजमंदिर किंवा रिकामी इमारत शोधा. शाळाच घ्यावी लागली तर मुख्याध्यापकांशी आधीच बोला आणि सकाळी व्हरांडा ताडपत्रीसकट साडेआठपर्यंत मागून घ्या, चहा तिथंच.

निवारा_व्यवस्था:
अण्णा म्हणतात ते बरोबर, जागा बदलता आली तर बदलाच. जागा कुठलीही असो, पाण्याचं बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. माणशी ३० लिटर धरलं तरी ४० जणांना १२०० लिटर, पाच दिवसांना ६०००. शाळेची टाकी बहुधा याच्या निम्मीसुद्धा नसते. ३००० च्या दोन टाक्या बसवा, एक संपली की टँकर सांगायचा, दुसरी संपायची वाट बघायची नाही.

जेवण झोपण्याआधी तासभर, कारण पचनाने अंगात ऊब राहते. ४० जणांच्या खिचडीला ४ किलो तांदूळ, दीड किलो डाळ. दात नसलेल्यांना कडक भाकरी देऊ नका, आमटीत कुस्करून द्या. उशिरा येणाऱ्यांसाठी दहा ताटं झाकून ठेवायला विसरू नका.

शेळगीकर:
बाळीवेशीजवळचं एक समाजमंदिर उद्या बघायला जातोय. जाताना काय मोजून आणू?

निवारा_व्यवस्था:
हॉलची लांबी-रुंदी, झरोके किती आणि उघडतात का, संडास किती, टाकी किती लिटरची, मीटर किती किलोवॅटचा, दार बाहेर उघडतं की आत, आणि दुसरं दार आहे का. दुसरं दार नसेल तर खिडकीचा एक गज काढता येईल का तेही विचारा. शक्य असेल तर पहाटे सहाला जा आणि अनवाणी पायाने फरशीवर उभे राहून बघा.