मदत हवी आहे: काजूच्या बागेत लावायला ट्रेल कॅमेरा कोणता घ्यावा?

कुळागर

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यात आमची काजूची आणि थोडी सुपारीची बाग आहे. खालच्या अंगाला व्हाळ, वरच्या बाजूला आमच्याच मालकीचं पण कधी न तोडलेलं रान. मी नोकरीमुळे पुण्यात असते, गावी बाबा एकटेच. रात्री कोण कोण फिरतं याचा त्यांना साधारण अंदाज आहे. सुरण उकरलेलं दिसलं की साळिंदर, कुंपण आडवं झालं की गवे, भेकराचं भुंकणं तर घरात ऐकू येतं. या उन्हाळ्यात मात्र व्हाळाजवळ पंजाचे मोठे ठसे दिसू लागलेत आणि वाडीत 'वाघ आलो' सुरू झालंय. बिबट्या असणार. बाबा पहाटे पंप चालू करायला त्याच वाटेने जातात, म्हणून मला नेमकं काय येतं आणि किती वाजता येतं हे कळायला हवं आहे.

त्यासाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा, लावायचा आहे. ऑनलाइन बघितलं तर पाच-सहा हजारांपासून पुढे वाटेल तेवढ्या किमती. कोणी ३६ मेगापिक्सेल म्हणतं, कोणी ४८. रात्रीच्या फ्लॅशचे ८५० आणि ९४० नॅनोमीटर असे दोन प्रकार दिसतात, त्यातला कुठला घेऊ? सिमकार्डवाला घेऊन फोटो थेट पुण्यात बघता येतील का? बाबांना सेल बदलणं आणि कार्ड काढणं जमेल, मेनूमध्ये शिरणं जमणार नाही.

आणखी एक. व्हाळावर वाडीतल्या बायका कपडे धुवायला येतात. त्यांचे फोटो निघू नयेत ही माझी खरी काळजी आहे.

निशाचर

ताई, मेगापिक्सेलचा आकडा आधी डोक्यातून काढा. आतला सेन्सर लहानच असतो, चित्र फुगवून तो आकडा गाठलेला असतो. बघायचं ते ट्रिगर स्पीड, म्हणजे प्राणी समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर वाटेवरून चालत जाणाऱ्या प्राण्याची शेपटीच मिळते. दुसरं, एका फोटोनंतर पुढचा निघायला किती वेळ लागतो. मादीमागे पिल्लं असतील तर तीच निसटतात. स्वस्त कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत हे दुसरं सहसा लिहिलेलंच नसतं.

८५० चा फ्लॅश लांबपर्यंत पोचतो आणि फोटो स्वच्छ येतो, पण अंधारात बारीक लाल ठिपके दिसतात. ९४० दिसत नाही, पल्ला मात्र कमी आणि चित्र थोडं दाणेदार. तुम्हाला अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखायचा नाही, त्यामुळे ९४० घ्या. प्राणी बुजत नाहीत आणि चोरालाही पत्ता लागत नाही. व्याघ्रगणनेत पट्टे स्पष्ट दिसायला हवेत म्हणून पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात, दोन्ही कुशींचे फोटो मिळावेत म्हणून. तो खर्च तुम्हाला नको.

सिमवाल्याचा मोह मी टाळला असता. व्हाळात रेंज किती येते ते आधी मोबाइल नेऊन बघा. रेंज कमी असली की कॅमेरा फोटो पाठवायची धडपड करत सेल खाऊन टाकतो.

तिरफळ

कॅमेरा कुठलाही घ्या, निम्मं काम लावण्यात आहे. यातला प्राण्याची चाहूल घेणारा सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो: प्राण्याचं अंग आणि मागची जमीन-झाडोरा यांच्या तापमानात फरक हवा आणि तो हलायला हवा. त्यामुळे मे महिन्याच्या भर दुपारी, कातळ तापलेला असताना, समोरून गवा गेला तरी कॅमेरा गप्प बसू शकतो. रात्री ही अडचण नाही. उलट उन्हात तापलेली गवताची पाती वाऱ्याने हलली की शेकडो रिकामे फोटो. म्हणून समोरचं गवत, नेच्याची पानं कोयत्याने साफ करा.

उंची गुडघ्याएवढी, वाटेपासून तीन-चार मीटर. सेन्सरला आडवी हालचाल चांगली कळते, थेट अंगावर येणारी उशिरा कळते. पण अगदी काटकोनात लावला तर प्राणी चटकन चौकटीबाहेर जातो. वाटेला तिरका लावा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवतीचा-मावळतीचा सूर्य आत येणार नाही.

सेल लिथियमचे घ्या. महाग पडतात पण पुरतात. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे असतात, काही कॅमेरे ते भरलेले असूनही बॅटरी संपली असं दाखवतात. व्हिडिओ बंद ठेवा, एका वेळी तीन फोटो पुरे. तारीख आणि वेळ तुम्ही स्वतः लावून द्या. तुमचा सगळा प्रश्नच वेळेचा आहे. दोन कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून ठेवा, बाबा फक्त अदलाबदल करतील.

आणि हो, दोडामार्गाच्या बाजूला असाल तर हत्तीचा विचार करा. त्याला खोडावरची नवी वस्तू आवडली तर कुलूपबिलूप काही उपयोगाचं नाही.

रानभूल

बायकांच्या मुद्द्याबद्दल. बऱ्याच कॅमेऱ्यांत ठरावीक तासांतच चालू राहायची सोय असते. संध्याकाळी सात ते पहाटे सहा ठेवा. तरीही धुण्याच्या जागेवर लावूच नका. रानातून व्हाळाकडे उतरणारी जनावरांची वाट असेल, तिच्यावर वरच्या अंगाला लावा. त्याआधी वाडीत सगळ्यांना सांगा, फोटो दाखवा. साळिंदराचा फोटो बघितलेली माणसं कॅमेरा चोरीला जाऊ देत नाहीत, हा माझा अनुभव.

कॅमेऱ्यासमोर मटण, कोंबडी काही टाकू नका. जागा तुमच्या मालकीची आहे, पण लगतच्या सरकारी जंगलात लावायचा तर वनविभागाची परवानगी लागते. खवले मांजर मिळालं तर तो फोटो गावच्या नावासकट फेसबुकवर टाकू नका, त्याच्या खवल्यांसाठी शिकार होते.

बिबट्या निघाला तर लगेच पिंजऱ्याची मागणी होईल, त्याची तयारी ठेवा. अकोले तालुक्यातल्या शेतांमध्ये कॅमेरे लावून वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसं, तीही चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात अशा भागात. जुन्नरकडे तर बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले होते. हे वाडीत आधीच बोलून ठेवलेलं बरं.

कुळागर

सगळ्यांचे आभार. ९४० चा, बिनसिमचा घेते, आणि रानभूल म्हणतात तशी वरची वाट बाबा आजच बघून येतायत. फोटोंवरून येण्याजाण्याची वेळ कळली की पंपाची वेळ बदलायची, हे त्यांना पटलंय. एकच राहिलं: आमच्याकडच्या पावसात कॅमेरा टिकेल का?

तिरफळ

पाणी तसं आत जात नाही, दमटपणा जातो. दाराच्या रबरी कडेवर मातीचा एक कण राहिला तरी पुरतो, म्हणून कार्ड बदलताना कोरड्या फडक्याने ती पुसायची. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, वर नारळाच्या झावळीचं छप्पर करा. मुंगळ्यांवर लक्ष असू द्या, पावसात कोरडी जागा दिसली की अंडी घेऊन आत शिरतात. मी स्वतः जुलैत काढून ठेवतो. तेव्हा गवत इतकं वाढतं की गवताचेच फोटो मिळतात.