नूर, उषा मेहता आणि आंबोलीचा रेडिओ: तिघी एकाच फलकावर?

घाटमाथा (सावंतवाडी)
19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, तालुक्यातल्या शाळांत फलक लावायचे आहेत. माझं मत: नूर इनायत खान, उषा मेहता आणि लिबिया लोबो सरदेसाई एकाच फलकावर हव्यात. नूर ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची गुप्तहेर. ती जून 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सात उतरली आणि पॅरिसहून लंडनला रेडिओवर मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतात, संदेश पाठवत राहिली. उषाताईंचा काँग्रेस रेडिओ, म्हणजे 'भारत छोडो' चळवळीचं गुप्त केंद्र, ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत सुरू झाला. लिबियाबाई आणि वामन सरदेसाई यांनी नोव्हेंबर 1955 मध्ये आपल्या आंबोलीच्या रानातून गोव्यासाठी पोर्तुगीज आणि कोकणीत प्रक्षेपण सुरू केलं. पुढे केंद्र कर्नाटकात गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकला गेलं, पण डिसेंबर 1961 पर्यंत बंद पडलं नाही. इथल्या पोरांना आंबोलीचा धबधबा ठाऊक आहे, हा रेडिओ नाही. याची मला खरंच चीड येते.

मांडवी (रत्नागिरी)
साफ अमान्य. आदर तिघींचा आहे, पण जोखीम एका मापाची नव्हती. आंबोली भारताच्या हद्दीत. पोर्तुगीज पोलीस घाट चढून अटक करायला येऊ शकत नव्हते. उषाताईंना 4 वर्षांची शिक्षा झाली. नूरला 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छळछावणीत ठार मारलं. एका फलकावर लावलंत की मुलं हा फरक विसरणार.

तारवाला (मालवण)
हद्दीचा मुद्दा बरोबर, पण उषाताईंची जोखीम तुम्ही फार कमी धरता. काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर होता, म्हणजे साधारण 7.08 मेगाहर्ट्झ. त्याला अर्ध्या तरंगलांबीची तार लावायची तर 20 मीटरच्या आसपास लागते. दाट वस्तीत ती लपवणं कठीण. शिवाय लोकांनी ऐकावं म्हणून तरंगलांबी स्वतःच सांगावी लागते, म्हणजे रेडिओचा ठावठिकाणा शोधणारी पोलिसांची दिशाशोधक गाडीही त्याच तरंगलांबीवर कान लावून बसणार. म्हणून जागा बदलत राहावं लागलं. शेवटी 12 नोव्हेंबर 1942 ला छापा पडला तो त्यांच्याच तंत्रज्ञाने पत्ता सांगितल्यामुळे.
मोर्सवाल्याला वेळ बदलता येते, आणि सेटमधला वारंवारता ठरवणारा स्फटिक बदलून वारंवारताही फिरवता येते. तरी जर्मन एकेका भागाची वीज तोडून बघत: संदेश मध्येच थांबला, की सेट त्याच भागात. यावर उपाय 6 व्होल्टची बॅटरी. त्या काळचा हेरांचा बी-2 रेडिओ सेट वीज आणि बॅटरी दोन्हींवर चाले. सूटकेससकट वजन 15 किलोच्या घरात. तो उचलून बाईने ट्राममध्ये सहज चढल्यासारखं दाखवायचं!

मांडवी
हे मान्य केलं तरी माझा मुख्य मुद्दा राहतोच. प्रक्षेपण बंद पडलं तर आवाज थांबतो. मोर्सवाली पकडली गेली तर तिच्या मागून माणसं मरतात. नूरने पाठवलेल्या संदेशांच्या प्रती वहीत ठेवल्या होत्या, त्या सेटसकट जर्मनांच्या हाती लागल्या. मग तिच्या नावाने ते लंडनशी बोलत राहिले. इशाऱ्याच्या खुणा लंडनने मनावर घेतल्या नाहीत. फेब्रुवारी 1944 च्या शेवटी लंडनने पाठवलेली दुसरी हेर मादलेन दामरमाँ पॅराशूटने उतरली ती थेट जर्मनांच्या हातात, आणि पुढे डाखाऊत नूरबरोबरच मारली गेली. लंडनच्या कचेरीतल्या त्या चुकीला क्षमा नाही. असली साखळी आंबोलीत कुठे होती?

वेंगुर्लेकर
दोघेही रेडिओतच अडकलात. नूरला पाठवणाऱ्या एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या फ्रान्स विभागाने 39 बायका पाठवल्या, त्यांतल्या बहुतेक निरोप पोचवणाऱ्या. कारण व्यवहारी होतं: 1943 पासून तरुण पुरुषांना सक्तीच्या कामासाठी जर्मनीला नेत, त्यामुळे रस्त्यावरचा पुरुष नाक्यावर आधी अडवला जाई. सायकलवरून टोपली घेऊन जाणारी बाई त्या मानाने सुटायची. फ्रान्समधल्या वालाँसे इथे या विभागाच्या मृतांचं स्मारक आहे, त्यावर 104 नावं आहेत, त्यांत 13 बायकांची.

घाटमाथा
साखळीचा मुद्दा पटला, तो फलकावर येईल. पण आंबोली गाळायला माझी तयारी नाही. अटकेची भीती नसली, तरी सहा वर्षं रानात राहून रोज ठरल्या वेळी प्रक्षेपण लावायचं ही सोपी गोष्ट नव्हे.

तारवाला
त्यात आंबोलीचा पाऊस. दमट हवेत जोड गंजतात, ओल्या इन्सुलेटरवरून शक्ती जमिनीत गळते, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांना बुरशी धरते. फलकाशेजारी 20 मीटर तार आणि 15 किलो भरलेली एक सूटकेस ठेवा. मुलांना सांगा, ही तार वर्गात कुणाला दिसणार नाही अशी लावून दाखवा.

मांडवी
तार ठेवा. पण नूर आणि दामरमाँचा फलक वेगळाच हवा.